ऑक्टोनॉट्सची खेळणी: काय आणायला सांगावं, पाण्यात काय टिकतं आणि जुनी पेटी कशी तपासावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. थोरला सव्वाचार वर्षांचा आणि ऑक्टोनॉट्स या समुद्री कार्टूनचा निस्सीम भक्त, धाकटी दीड वर्षाची. नणंद पुढच्या महिन्यात लंडनहून येते आहे आणि ‘तो मोठा ऑक्टोपॉड (मालिकेतलं समुद्रातलं ठाणं) आणू का’ असं विचारते आहे. इकडे ओळखीच्या एका घरातून याच मालिकेच्या जुन्या खेळण्यांची अख्खी पेटी मिळते आहे. काय घ्यावं, ही खेळणी पाण्यात चालतात का, आणि या कार्टूनमधून मूल खरंच काही शिकतं का?

नणंदेला सांगा: एक गप-ए नाही तर गप-बी (मालिकेतल्या पाणबुड्या), सोबत दोन पात्रं, आणि उरलेल्या पैशात मिळतील तितके समुद्री प्राणी. मोठा ऑक्टोपॉड नको. जुनी पेटी घ्या, पण धाकटीच्या हाताला लागायच्या आत ती पुरी तपासा. पोट दाबलं की पाणी उडवणारी रबरी खेळणी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

प्राण्यांवर एवढा भर का, ते मालिकेच्या बांधणीत आहे. मेओमी या नावाने काम करणाऱ्या विकी वाँग आणि मायकल मर्फी यांनी आधी चित्रपुस्तकं केली. पहिलं २००६ मध्ये आलं. त्यावरची मालिका ऑक्टोबर २०१० मध्ये ब्रिटनच्या सीबीबीज वाहिनीवर सुरू झाली. निर्मिती सिल्व्हरगेट मीडियाची, ॲनिमेशन डब्लिनच्या ब्राऊन बॅग फिल्म्सचं. भाग साधारण अकरा मिनिटांचा, आणि जवळजवळ प्रत्येक भागाची चाल एकच. ऑक्टो-अलर्ट वाजतो, गप नावाच्या पाणबुडीतून ऑक्टोनॉट्स मंडळी निघतात, कुठला तरी खरा समुद्री जीव अडचणीत असतो किंवा त्याच्यामुळे हेच अडचणीत येतात, आणि शेवटी त्या जिवाची माहिती गाण्यात सांगणारा ‘क्रीचर रिपोर्ट’ येतो. खुबी अशी की अडचणीतून सुटका बहुतेक वेळा त्या प्राण्याच्या स्वभावातूनच निघते. तो काय खातो, कशाला चिकटतो, कशाला घाबरतो, हे कळलं की गाठ सुटते.

आता यातला प्राणी काढून टाका आणि फक्त वाहन मुलाच्या हातात द्या. आठवड्याभरात त्या पाणबुडीची मोटार होते आणि ती सोफ्यावरून भिंतीवर आदळायला लागते. तेच वाहन एका पाकट माशासोबत द्या, मोहीम आपोआप सुरू होते. खेळण्यांच्या कंपन्या पात्रं आणि वाहनं पुढे करतात, कारण खपतात ती. प्राणी बिचारे खोक्याच्या कोपऱ्यात एखादा असतो. म्हणून प्राणी वेगळे जमवावे लागतात. त्यांच्यावर ऑक्टोनॉट्सचा शिक्का हवाच असं नाही. खेळण्यांच्या दुकानात सागरी प्राण्यांचा साधा प्लॅस्टिक संच मिळतो, त्यातला देवमासा आणि कासव कॅप्टन बार्नेकल्स या म्होरक्यासमोर छान उभे राहतात. प्रमाण चुकतं, पण ते मालिकेतही चुकलेलंच आहे.

ऑक्टोपॉड नको म्हणतो त्याला कारण आहे. तो दिसायला देखणा, पण उघडा-मिटा करायचं घर आहे. घर आलं की मूल मोहिमेवर जात नाही, घरात पात्रं मांडत बसतं. शिवाय उघडझाप होणारी बिजागरी आणि गप बाहेर सोडणारी खटकी हेच त्याचे सगळ्यात कच्चे भाग. पेटीतल्या जुन्या ऑक्टोपॉडमध्ये यातलं एक तरी तुटलेलं निघतं. आवाज-दिव्यांचा असेल तर पाण्यापासून लांबच ठेवावा लागतो, म्हणजे समुद्रातलं ठाणं कोरड्या फरशीवर. त्यापेक्षा मधे स्टीलची चाळण उपडी टाका, भोवती चार वाट्या मांडा. चाळणीच्या भोकांतून आत दिसतं, पाणी आरपार जातं, आणि संध्याकाळी ती परत स्वयंपाकघरात जाते.

वाहनांमध्ये गप-ए ही बार्नेकल्सची, आकार अँगलरफिशचा: कपाळावर दिवा लोंबणारा तो खोल पाण्यातला मासा. गप-बी क्वाझी या मांजराची, टायगर शार्कसारखी. गप-सी देवमाशासारखी, अवजड कामाची. गप-डी नांग्या असलेली. गप-ई छोटी, पेसो वैद्याची. चीनमध्ये ही मालिका अफाट चालते आणि तिथे वाहनांना अक्षरांऐवजी माशांची नावं आहेत: गप-ए म्हणजे कंदीलमासा, गप-बी म्हणजे वाघ-शार्क. ही नावं आपल्याकडेही उचलण्यासारखी आहेत. ‘गप-बी दे’ म्हणणाऱ्या मुलाला एक अक्षर कळतं, ‘मुशी दे’ म्हणणाऱ्याला एक मासा. पहिली म्हणून ए किंवा बी सुचवतो, कारण दोन्हींचा मासा डोळ्यांना लगेच ओळखू येतो आणि आत पात्र बसवता येतं.

खरेदीतली एक अडचण आधीच माहीत असू द्या. जुनी खेळणी फिशर-प्राइसची होती, नंतरची मूज टॉइज या ऑस्ट्रेलियन कंपनीची. दोन्हींची पात्रं एकमेकांच्या वाहनांत नीट बसतीलच असं धरून चालू नका. पेटीत फिशर-प्राइसची पात्रं असतील तर त्याच पिढीची गप शोधा, किंवा नणंदेला नव्या पिढीचं वाहन पात्रासकट आणायला सांगा. २०२१ पासून नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘अबव्ह अँड बियाँड’ या पुढच्या मालिकेत ही मंडळी जमिनीवरही फिरतात, त्यामुळे नव्या खेळण्यांत चाकांची वाहनं बरीच आहेत. तुम्हाला पाणी हवं असेल तर खोक्यावरचं चित्र बघून घ्यायला सांगा, नाहीतर पाणबुडी म्हणून जीप यायची. इथल्या दुकानातून घेणार असाल तर आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा परवान्याचा सीएम/एल क्रमांक बघा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे, आणि क्रमांक खरा की खोटा हे बीआयएस केअर ॲपवर कळतं. या मालिकेच्या नकला बाजारात ढिगाने आहेत. नकल ओळखण्याची सोपी खूण म्हणजे वास. खोकं उघडताच रॉकेलसारखा किंवा नव्या रेक्झिनसारखा भपकारा आला तर ते तोंडात घालणाऱ्या मुलाच्या घरात नको.

आता पेटी. फरशीवर जुनी चादर पसरा आणि सगळं ओता. धाकटी दीड वर्षाची आहे, म्हणून पहिली चाळणी तिच्या घशाची. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी प्रमाणित चाचणीचं नळकांडं ३१.७ मिलिमीटर रुंद असतं. त्यात पूर्ण मावणारी वस्तू गिळली जाऊ शकते असं मानतात. घरात टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरा. ती साधारण चार सेंटीमीटरची, म्हणजे चाचणी थोडी जास्तच कडक होते, ते बरंच. नळीतून जे आरपार जाईल ते थोरल्याच्या झाकणाच्या डब्यात, वरच्या फळीवर. यात हेल्मेट, छोटे खेकडे, पेसोची औषधाची पेटी, नांग्यांची टोकं अशी मंडळी सापडतील. तुकडा तुटून नळीत जाईल अशी शंका असेल तर तो आत्ताच ओढून बघा. तुटायचा असेल तर तुमच्या हातात तुटू दे.

दुसरी चाळणी बॅटरीची. आवाज किंवा दिवा असलेलं प्रत्येक खेळणं उलटं करा. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद हवं. नखाने उघडत असेल आणि आत बटण सेल असेल, तर ते खेळणं घरात ठेवू नका किंवा सेल काढून मुकं करून द्या. बटण सेल अन्ननलिकेत अडकला की तिथल्या ओलाव्यात प्रवाह वाहतो आणि दोन तासांत आतली त्वचा जळू शकते. २० मिलिमीटरचा लिथियम सेल त्यातला सगळ्यात घातक. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा. एक वर्षावरच्या मुलाला वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देत राहावा असा विषबाधा-तज्ज्ञांचा सल्ला आहे, पण घरात मध नाही म्हणून पाच मिनिटंही थांबायचं नाही. उलटी करवायची नाही.

साध्या पेन्सिल सेलच्या खोबणीत पांढरी, खारट दिसणारी बुरशीवजा पूड साचलेली असते. ती बुरशी नसते, अल्कलाइन सेलमधून गळलेला क्षार असतो आणि तो कातडीला चावतो. हातमोजे घाला, पूड कोरड्या ब्रशने झटका, मग कान साफ करायच्या कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पत्र्यावर फिरवा. फेस येईल, तो थांबला की ओलसर फडक्याने पुसा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रात्रभर सुकू द्या. हिरवा झालेला स्प्रिंगचा पत्रा बारीक पॉलिश पेपरने घासला की बहुधा परत चालू होतो. तरीही नाही झाला तर मुकं खेळणं द्या. मूल आवाज स्वतःच्या तोंडाने काढतं आणि तो खोक्यातल्या आवाजापेक्षा बरा असतो.

तिसरी गोष्ट जुन्या पात्रांचा चिकटपणा. मऊ पीव्हीसीच्या आकृत्या पाच-सात वर्षं डब्यात पडून राहिल्या की हाताला मेणासारख्या चिकट लागतात. ती घाण नाही. प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर झिरपतं. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवा, पूर्ण सुकवा, वरून चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळून झटका. काही महिन्यांनी परत करावं लागेल. महत्त्वाचं हे की अशी मऊ आकृती टणक प्लॅस्टिकच्या वाहनात बसवून कधीच साठवू नका. तेच द्रव्य टणक प्लॅस्टिक वितळवतं, आणि दोन उन्हाळ्यांनी पेटी उघडली की क्वाझी आपल्या आसनाला कायमचा जोडलेला निघतो, खाली वितळलेला खड्डा. पात्रं जुन्या सुती कापडात गुंडाळून वेगळी ठेवा. मात्र आकृती फार चिकट असेल आणि धुऊनही थांबत नसेल, तर धाकटीच्या तोंडात ती जाऊ नये म्हणून टाकलेलीच बरी.

तुटकं चिकटवताना प्लॅस्टिक कोणतं ते आधी ओळखा. टणक, टिचकी मारल्यावर टक्कन वाजणारं कवच बहुधा एबीएस असतं. ते फेव्हिक्विकने धरतं. मेणासारखं गुळगुळीत, वाकणारं प्लॅस्टिक पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन, त्याला कुठलाच घरगुती गोंद टिकत नाही. दोन भोकं पाडून नायलॉनच्या दोऱ्याने शिवा. स्क्रूची आतली नळी फाटली असेल, आणि खेळणं उघडलं की निम्म्या वेळा ती फाटलेलीच असते, तर बाहेरून शिवणाचा दोरा पाच-सहा वेढे घट्ट गुंडाळा, त्यावर फेव्हिक्विकचे दोन थेंब आणि लगेच चिमूटभर खाण्याचा सोडा. मिश्रण क्षणात दगड होतं. हे गॅलरीत करा, वाफ डोळ्यांना झोंबते. परत स्क्रू लावताना आधी उलटा फिरवा. खट्ट असा बारीक धक्का लागला की तो जुन्या आट्यावर बसला, मग सुलटा पिळा. सरळ पिळत गेलात तर नवा आटा कापला जातो आणि नळी परत फाटते. काही खेळण्यांना तीन कोनी डोक्याचे स्क्रू असतात. मोबाइल दुरुस्तीच्या पेचकसांच्या संचात ते टोक मिळतं. चाकूच्या टोकाने प्रयत्न करू नका.

पाण्याचं उत्तर खेळण्याच्या पोटात काय आहे त्यावर अवलंबून आहे. बॅटरी असेल तर पाणी नाही. खोक्यावर पाण्याचे थेंब दाखवले असले तरी मागचं बारीक अक्षर वाचा. बॅटरी नसलेलं, पोकळ, पण निचऱ्याला भोकं असलेलं खेळणं पाण्यात सगळ्यात उत्तम. पोकळ आणि बंद दिसणारं खेळणं फसवं असतं. दोन कवचांच्या जोडातून पाणी आत शिरतं, बाहेर येत नाही, आणि आठवड्याभरात हलवल्यावर खळखळ ऐकू येते. अशा खेळण्याच्या पोटाला, सगळ्यात खालच्या जागी, तापवलेल्या सुईने तीन मिलिमीटरचं भोक पाडा आणि वर शेपटीजवळ हवेसाठी दुसरं. मग ते खेळल्यावर उभं टांगलं की रिकामं होतं.

पिचकारीवाल्या रबरी खेळण्यांबद्दल २०१८ मध्ये स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी वापरातली अंघोळीची खेळणी कापून बघितली होती. आतल्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटीमीटरला ५० लाख ते साडेसात कोटी जिवाणू होते, आणि निम्म्याहून जास्त खेळण्यांत बुरशी. कारण साधं आहे: मऊ प्लॅस्टिकमधून जिवाणूंना कार्बन मिळतो, साबण आणि अंगाच्या मळातून बाकीचं पोषण, आणि एकच बारीक भोक असल्याने आतलं कधीच सुकत नाही. ब्लीचमध्ये बुडवून बाहेरचा थर जातो, आतला पापुद्रा चिकटूनच राहतो आणि दाबलं की काळे तुकडे डोळ्यावर उडतात. नवीन असेल तर पहिल्या अंघोळीआधी भोक ग्लूगनने बुजवून टाका, जुनं असेल तर कचऱ्यात. टणक खेळण्यांना महिन्यातून एकदा घरगुती ब्लीचचं पाणी चालतं: ५० भाग पाण्याला एक भाग ब्लीच, दहा मिनिटं, मग भरपूर स्वच्छ पाणी. ब्लीचसोबत व्हिनेगर किंवा लिंबूसत्व कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. बोअरच्या पाण्याने आलेले पांढरे डाग काढायला लिंबूसत्व लागतं, लिटरला एक चमचा, पण ते दुसऱ्या दिवशी.

बादलीत खेळू द्यायचं की नाही? थोरल्याला रुंद, उथळ घमेलं द्या, आठ-दहा सेंटीमीटर पाणी पुरे. बादली नको, कारण दीड वर्षाचं मूल खेळणं उचलायला वाकलं की डोकं जड असल्याने आत जातं आणि स्वतःला बाहेर काढू शकत नाही. पाच सेंटीमीटर पाण्यातही बुडायला होतं, आणि आवाज होत नाही. खेळ संपला की पाणी ओतून घमेलं भिंतीला उभं करायचं, मगच टॉवेल घ्यायला जायचं. फोन वाजला तर धाकटीला उचलून न्यायचं.

आता मूल शिकतं का. मालिका नुसती लावून दिली तर गाणं पाठ होतं. त्याच भागाचा प्राणी घमेल्यात आला तर बरंच काही पक्कं होतं. एक मोहीम जवळून सांगतो, तिला आपल्या खाडीतला प्राणी घेतला आहे: निवटी. चिखलात उड्या मारणारा, डोळे डोक्यावर असलेला हा मासा मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत आणि कोकणात खारफुटीच्या कडेला सर्रास दिसतो. घमेल्याच्या एका बाजूला कुंडीतली माती पाण्यात कालवून उतार करा, वर दोन-तीन काटक्या रोवा, ती खारफुटी. उताराच्या मध्यावर निवटी ठेवा; प्लॅस्टिकची मिळणार नाही, मातीची करा आणि डोळे मुद्दाम वर लावा. दुसऱ्या बाजूला तांब्याने पाणी. ऑक्टो-अलर्ट: ‘ओहोटी लागली, निवटी सुकतेय का?’ सहा तासांची ओहोटी सहा मिनिटांत करायची, दर मिनिटाला एक वाटी पाणी काढून. पाणी मागे गेलं की मूल घाबरून निवटीला गपमध्ये घालून खोल पाण्यात सोडायला निघतं. तिथे थांबवा. निवटी ओल्या कातडीतून आणि गालाच्या पोकळीत साठवलेल्या पाण्यातून श्वास घेते, उघड्या चिखलावरच जेवते, आणि ओल राहावी म्हणून लोळते. तिला वाचवायचं म्हणजे तिच्या वाटेतली प्लॅस्टिकची पिशवी उचलायची आणि तिला तिथेच राहू द्यायचं. पिशवीचा एक तुकडा आधीच काटकीला अडकवून ठेवा, नांग्यांच्या गपने तो ओढू दे. शेवटी रिपोर्ट, मुलाच्या तोंडून, पाच वाक्यांत: नाव काय, राहते कुठे, खाते काय, श्वास कसा घेते, तिला त्रास कशाचा. पाचवं वाक्य मुलाला सुचलं नाही तर तुम्ही सांगू नका, काटकीला अजून एक पिशवी अडकवा.

याच पद्धतीने पाकट, मुशी, कुर्ली, माकूल, तारामासा सगळे घेता येतात. मासळी बाजारात मुलाला नेलं तर यातले निम्मे बर्फावर प्रत्यक्ष दिसतात. मेलेले आहेत हे त्याला चालतं, मोठ्यांनाच अवघड जातं.

पाणबुडी तरंगते का बुडते हाही घमेल्यातला चांगला धडा. गप पाण्यात उलटी होते, कारण वरचा घुमट आणि पात्र जड, पोट हलकं. दहा-दहा ग्रॅमचे खेळण्याच्या मातीचे गोळे पोटाला सगळ्यात खाली चिकटवत जा, एका ठरावीक गोळ्यानंतर ती सरळ उभी राहते. बुडवायची असेल तर हिशेब करा: पातेलं काठोकाठ भरा, गप हाताने पूर्ण दाबा, सांडलेलं पाणी मोजा. समजा ३०० मिलिलिटर सांडलं आणि गपचं वजन १८० ग्रॅम भरलं, तर साध्या पाण्यात ती अधांतरी राहायला पोटाच्या आत सुमारे १२० ग्रॅम माती हवी; बाहेरून चिकटवली तर माती स्वतःही पाणी सारते, म्हणून बरीच जास्त लागते. मिठाच्या पाण्यात जास्त लागेल. समुद्रात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. तेवढं मीठ एका लिटरमध्ये घालून कच्चं अंडं सोडलं तर ते बुडतंच. मीठ वाढवत जा, शंभर ग्रॅमच्या पुढे कधीतरी ते वर येतं. ‘समुद्रात अंडं तरंगतं’ असं ठासून सांगणारे बरेच भेटतात, त्यांना हे करून दाखवा.

मालिकेतलं खरं-खोटं मुलं विचारतातच. प्राण्यांची माहिती बहुतेक खरी असते. व्हेल शार्क १२ मीटरच्या वर वाढतो पण खातो बारीक प्लवक, हे अगदी खरं. तो गुजरातच्या किनाऱ्यालाही येतो आणि २००१ पासून भारतात त्याला वन्यजीव कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे. असा मासा किंवा कासव जाळ्यात सापडलं आणि मच्छीमाराने जाळं कापून सोडलं, तर महाराष्ट्रात २०१८ पासून त्याला जाळ्याची भरपाई मिळते, जास्तीत जास्त २५ हजार रुपये. ‘शोधा, वाचवा, जपा’ हे मालिकेतलं घोषवाक्य म्हणणाऱ्या मुलाला हे जरूर सांगा, खरे ऑक्टोनॉट आपल्याच बंदरात आहेत. व्हेजिमल मात्र खोटे. भाजी आणि प्राणी यांची ती गंमत आहे. खोलीचं गणितही मालिका सोयीने विसरते. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे हजार मीटरवर, जिथे सूर्यप्रकाश संपून मध्यरात्रीचा पट्टा सुरू होतो, बोटाच्या नखाएवढ्या जागेवर सुमारे शंभर किलोचा भार. तिथे हेल्मेट घालून बाहेर पोहणं कुणालाच जमणार नाही. लाल रंगही पहिल्या दहा-वीस मीटरांतच दिसेनासा होतो. लाल चेंडूवर निळा जिलेटिन कागद धरला की तो काळपट दिसतो, मुलाला तेवढं पुरतं.

शेवटचं, किनाऱ्यावर नेणार असाल तर. खडकांतल्या डबक्यांना मोठी ओहोटी हवी, आणि तिची वेळ आजोबांच्या हिशेबाने निघते: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. द्वितीयेला दोनाचे पाऊण म्हणजे दीड वाजता भरती, त्याआधी सहा तास म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेची सकाळ मुलांना सोयीची पडते. अष्टमीला पाणी फारसं हटत नाही. जाण्याआधी छापील तक्त्याशी ताडून घ्या आणि ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा, पाणी फिरलं की लगेच वर या. रबरी चपला घाला, दगड उलटला तर जसा होता तसाच परत ठेवा.

पेसोचं अनुकरण इथे अंगाशी येतं. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर ब्लू बॉटल वाहून येतात: निळसर फुग्यासारखं अंग, खाली लांब निळे धागे. मूल ‘जखमी आहे’ म्हणून बँडेज बांधायला हात घालतं, आणि वाळूवर पडून सुकत आलेला धागाही डंख मारतो. घरातूनच नियम ठरवून निघा: किनाऱ्यावरच्या प्राण्याचा फोटो दाशी (मालिकेतली फोटो काढणारी) काढते, हात कोणी लावत नाही. तरी डंख बसला तर चोळायचं नाही, वाळू लावायची नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. चिकटलेले धागे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, तो भाग वीस मिनिटं बुडवा. पाण्याची उष्णता आधी स्वतःच्या मनगटावर बघा. श्वास लागला, चेहरा सुजला, उलट्या झाल्या किंवा डंख डोळ्याजवळ असेल तर तिथून थेट डॉक्टरकडे. जुलै-ऑगस्टमध्ये निघणार असाल तर पिशवीत चिमटा आणि थर्मासमध्ये गरम पाणी असू द्या.